तीन थेंबांची तळटीप

वझेबाईंनी माझ्या मुलाखतीत मोजून तीन प्रश्न विचारले. पहिला होता, "अंडं फोडता येतं का?"

दिल्लीतल्या एका सरकारी प्रयोगशाळेत हंगामी संशोधन सहायकाची जागा होती. मधोमध बसलेल्या विभागप्रमुख चावलासाहेबांनी अर्धा तास माझी पिसं काढली होती. कोपऱ्यातल्या खुर्चीत एक ठेंगण्या बाई अंबाड्यात पेन्सिल खोचून गप्प बसल्या होत्या. साहेबांनी उपचार म्हणून विचारलं, "वझे जी, आपको कुछ पूछना है?" त्यावर हा प्रश्न आला, आणि तोही मराठीत.

"येतं," मी म्हणाले.

"पिवळं न फुटू देता?"

"हो."

"आजवर किती फोडली असतील?"

मी सुभेदाराची मुलगी. दिल्ली कँटमधल्या आमच्या क्वार्टरात सकाळी अंडं फुटलं नाही तर वडील परेडला गेल्यासारखे वाटायचे नाहीत. मी म्हटलं, "हजारेक."

बाईंनी अंबाड्यातली पेन्सिल काढून कागदावर काही लिहिलं आणि साहेबांना सांगितलं, "यही चलेगी." पुढे तो कागद माझ्या पाहण्यात आला. त्यावर माझ्या नावापुढे लिहिलं होतं, "हजार (उमेदवाराच्या सांगण्यावरून, तपासलेले नाही)."

ही बाईंची पद्धत होती. जे झालं ते लिहायचं, जेवढं झालं तेवढंच लिहायचं, आणि कुणाच्या सांगण्यावरून लिहिलं तेही लिहायचं. लोणच्याच्या बरणीवरसुद्धा त्यांची चिठ्ठी असे: तारीख, सही, आणि "मीठ अंदाजाने". चिठ्ठ्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंच्या. दिल्लीत मराठी लग्नं काही थोडी होत नसत, त्यामुळे कागदाचा तुटवडा त्यांना कधी पडला नाही.

बाई लक्ष्मीबाई नगरात राहत. यजमान मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते. ते बोलत असत की नाही याबद्दल माझ्याकडे नोंद नाही. घरात सासूबाई होत्या, ऐंशीच्या पुढच्या, आणि त्या मात्र दोघांच्या वाट्याचं बोलत. एम.एस्सी. झाल्यावर बाईंचं लग्न झालं, दोन मुलं झाली, ती मोठी झाली. नोकरीत बाई तांत्रिक सहायक म्हणून लागल्या आणि वरिष्ठ तांत्रिक सहायक झाल्या. त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलं डॉक्टर होऊन अमेरिकेला गेली. मग पंचेचाळिसाव्या वर्षी बाईंनी चावलासाहेबांना सांगितलं की मलाही पीएच.डी. करायची आहे. साहेब चांगले गृहस्थ होते. ते हसले आणि त्यांनी सही केली, कारण त्यांना वाटलं, ही हौस आहे, उतरेल.

मी लागले तेव्हा ती हौस चार वर्षांची झाली होती. विद्यापीठाने दोनदा मुदत वाढवून दिली होती. तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. जूनअखेर प्रबंध दिला तर ठीक, नाही तर नोंदणी रद्द, आणि एकोणपन्नासाव्या वर्षी नव्याने नोंदणी करायला बाईंना कुणी दारात उभं केलं नसतं.

विषय सांगते, म्हणजे अंड्यांचा उलगडा होईल. भाजीच्या मळ्यातल्या मातीतून बाईंनी एक जीवाणू शोधला होता. तो कीटकनाशक पचवायचा. ज्या एन्झाइमने पचवायचा ते त्याच्या पोटात होतं, आणि ते बाहेर काढायचं तर त्याची पेशी फोडायला हवी. आमच्याकडे आवाजाच्या लहरींनी पेशी फोडणारं मशिन होतं. ते पेशी फोडायचं, पण तापायचं, आणि आतलं नाजूक एन्झाइम त्यातच मरायचं. दुसरा उपाय म्हणजे लायसोझाइम. अंड्याच्या पांढऱ्यात ते असतंच. जीवाणूची भिंत ते हलकेच विरघळवतं, आतल्या मालाला धक्का लागत नाही.

लायसोझाइमची बाटली परदेशातून यायची. बाईंनी मागणीपत्र केलं. पाच महिन्यांनी भांडार विभागाकडून ते परत आलं. शेरा होता: "सदर वस्तू अंड्यापासून बनते. अंडी स्थानिक बाजारात उपलब्ध आहेत. आयातीचे कारण स्पष्ट करावे."

सगळा विभाग तो शेरा वाचून हसत लोळला. चावलासाहेबांनी तो फळ्यावर लावला. बाई एकट्या हसल्या नाहीत. त्यांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं." दुसऱ्या दिवशी त्या पिशवी घेऊन आयएनए मार्केटात गेल्या आणि अडीच डझन अंडी घेऊन आल्या.

अडचण अशी होती की बाईंनी जन्मात अंड्याला हात लावला नव्हता. माहेरी नाही, सासरी तर नावच नको. प्रयोगशाळेचा त्यांचा नियम होता की बाहेरची कुठलीही वस्तू निर्जंतुक केल्याशिवाय टेबलावर यायची नाही. काचेची भांडी, रबरी नळ्या, माती खणायचं खुरपं, सगळं आधी ऑटोक्लेव्हमध्ये जायचं. ऑटोक्लेव्ह म्हणजे प्रेशर कुकरचा थोरला भाऊ. अंडी कोंबडीच्या कुठल्या भागातून येतात हे बाईंना पुस्तकातून माहीत होतं. तेव्हा त्यांनी तीसच्या तीस अंडी जाळीच्या टोपलीत रचली, झाकण आवळलं आणि वीस मिनिटं वाफ दिली.

उघडल्यावर सात फुटलेली होती आणि तेवीस उकडलेली. बाईंनी नोंदवहीत लिहिलं: "कवच निर्जंतुक झाले. आतील द्रव घट्ट झाला. पद्धत अयोग्य." विभागात त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनी अंडी खाल्ली आणि त्यानंतर हंगामी सहायकाच्या जागेची जाहिरात निघाली. मला नोकरी लागली ती अशी.

मी रोज दोन-अडीच डझन अंडी फोडायची. पांढरं एका भांड्यात, पिवळं दुसऱ्यात. पांढरं मलमलीतून गाळायचं, फेस होऊ द्यायचा नाही, त्यात मीठ घालायचं, सोडा घालून आम्लता हवी तिथे आणायची, आणि मग थंडीत ठेवून वाट बघायची. चारेक दिवसांनी तळाशी स्फटिक बसत, बारीक, चमचमते. तेच लायसोझाइम. बाई हातमोजे घालून लांबून सूचना देत. निघताना तीनदा हात धूत. "दोनदा विज्ञानासाठी आणि एकदा आईंसाठी," असं त्या म्हणत. आई म्हणजे सासूबाई.

पिवळं फेकायला बाई तयार नव्हत्या. "चांगलं अन्न आहे, असं म्हणतात," हे त्यांचं अंड्याविषयीचं सगळ्यात धाडसी विधान. त्यामुळे मी रोज बसमधून स्टीलचा डबा मांडीवर धरून कँटला जायची. आमच्या आईला पहिल्यांदा संशय आला.

"पांढरं कुठं जातं गं? ही बाई तोंडाला फासती काय?"

"नाही गं. जंतू फोडते त्यानं."

"जंतू? आन् त्यास्नी कोंबडीचंच लागतं व्हय?"

त्या हिवाळ्यात आमच्या लाईनीतल्या सगळ्या क्वार्टरांत नुसत्या पिवळ्याची ऑम्लेटं झाली. महिन्याभरात आई म्हणाली, "बाईस्नी सांग, उपकार झाले. पर एखाद्या दिशी अख्खं अंडं धाड." मी निरोप दिला. बाईंनी दुसऱ्या दिवशी एक अंडं चिठ्ठी लावून पाठवलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, "अख्खे."

स्फटिक हाताशी आले की खरं काम सुरू व्हायचं. जीवाणूंचा दुधासारखा गढूळ द्रव घ्यायचा, त्यात लायसोझाइम घालायचं आणि कोमट पाण्यात अर्धा तास ठेवायचं. हिवाळ्यात आमच्या इमारतीतल्या सगळ्या बायका दुपारी हिरवळीवर ऊन खात स्वेटर विणायच्या, आणि बाईंना घड्याळावर विश्वास नव्हता, कारण प्रयोगशाळेचं घड्याळ मागे पडायचं आणि मनगटावरचं पुढे जायचं. अर्धा तास म्हणजे त्यांच्या सुयांवर चौदा ओळी. चौदावी ओळ संपली की त्या उठत. हिरवळीवरच्या पंजाबी बायका म्हणायच्या, "वझे जी, बैठो ना यार, सेक्रेटरी बुला रहा है क्या?" बाई म्हणत, "नहीं, बैक्टीरिया."

पेशी फुटल्या की गढूळ द्रव पारदर्शक होतो आणि घट्ट, चिकट होतो, कारण आतला डीएनए मोकळा सुटतो. पुस्तकात हे मोजायच्या बऱ्याच युक्त्या आहेत. बाई काचेची कांडी बुडवून वर उचलत. कांडीला तार लोंबली की म्हणत, "एकतारी झाला. काढा." पाकाची परीक्षा त्यांनी सासूबाईंकडून शिकलेली होती. मी मशिनवर मोजून पाहिलं, त्यांची तार आणि मशिनचा आकडा कधी चुकला नाही.

मे महिना आला आणि वीज जायला लागली. दिल्लीत तेव्हा उन्हाळ्यात दिवसातून चार-चार तास वीज नसे. संस्थेत जनरेटर होता, तो संचालकांच्या खोलीला आणि उंदीर पाळलेल्या खोलीला जोडलेला होता. आमचा फ्रिज कुठल्याच यादीत नव्हता. पांढरं दोन दिवसांत वास मारू लागलं. पहिली खेप फेकली, दुसरी फेकली. शेवटचे तीन प्रयोग बाकी होते आणि हातात साडेपाच आठवडे.

लक्ष्मीबाई नगरात वीज फारशी जात नसे, कारण जवळच मोठ्या लोकांचे बंगले होते. बाईंच्या घरचा फ्रिज चालू असे. पण तो सासूबाईंचा होता, म्हणजे त्यात देवाच्या नैवेद्याचं दूध असे.

मी म्हटलं, "बाई, आजींना सांगू नका. बाटलीवर 'औषध' लिहा आणि ठेवून द्या."

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी परत कधी त्यांना असली सूचना केली नाही. संध्याकाळी त्या मला बरोबर घेऊन घरी गेल्या, भांडं माझ्या हातात, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सासूबाईंना सरळ म्हणाल्या, "आई, फ्रिजमध्ये अंडं ठेवायचंय."

सासूबाई भाजी निवडत होत्या. "अख्खं?"

"नाही. त्यातलं पांढरं. गाळलेलं."

"खायला?"

"नाही. जंतू फोडायला."

"किती दिवस?"

"चार."

"न ठेवलं तर?"

"माझी पदवी जाईल."

सासूबाईंनी गवारीची शेंग मोडली. "जाईल म्हणजे? मिळालीय कुठे अजून? पाच वर्षं ऐकतेय मी." मग उठल्या आणि नैवेद्याचं दूध वरच्या कप्प्यात हलवून खालचा कप्पा रिकामा करून दिला. "या बाजूला. आणि झाकण घट्ट लाव." त्या माझ्याकडे वळल्या. "सुनंदा, तू सरबत घेणार ना? हात धू आधी."

तिसऱ्या दिवशी सकाळी बाई प्रयोगशाळेत आल्या त्या अगदी शांत. खुर्चीवर बसल्या, पेन्सिल काढली, परत खोचली.

"काय झालं?"

"आईंनी काल भांड्यात गंगाजल घातलं."

"काय!"

"तीन थेंब. शुद्धीसाठी. नैवेद्याचं दूध वर आहे म्हणून. त्यांनी आपणहून सांगितलं."

"मग? नासलं?"

"स्फटिक आलेत," बाई म्हणाल्या. "एक दिवस आधीच आलेत. इतके छान आजवर आले नव्हते."

मला आनंद झाला. बाईंना झाला नव्हता. त्या स्फटिकांनी त्यांनी तिन्ही प्रयोग केले, तार आली, एन्झाइम जिवंत निघालं, आकडे बसले. पाच वर्षांचं काम पंधरा दिवसांत पुरं झालं. प्रबंध टंकलेखकाकडे गेला. चावलासाहेबांनी टाईप केलेली प्रत वाचायला घेतली आणि पान अठ्ठ्याऐंशीवर थांबून बाईंना बोलावलं. पद्धतीच्या प्रकरणाखाली तळटीप होती: "या खेपेत दुसऱ्या दिवशी लेखिकेच्या सासूबाईंनी गंगाजलाचे तीन थेंब घातले. परिणाम अज्ञात."

"वझे जी, ये हटा दीजिए."

"क्यों सर?"

"थीसिस है, सत्यनारायण की कथा नहीं है. परीक्षक पूछेगा गंगाजल में क्या था. आप क्या कहेंगी?"

"मालूम नहीं, कहूँगी."

"और वो कहेगा, सारा काम दोबारा करो. रजिस्ट्रेशन खतम. समझ रही हैं आप? एक लाइन है. किसी को पता नहीं चलेगा."

"मुझे पता है, सर."

साहेब माझ्याकडे वळले. "आप समझाइए इनको." मी व्यवहारी बाई आहे, तेव्हाही होते. मी बाईंना व्हरांड्यात नेलं आणि म्हटलं की तीन थेंबांसाठी पाच वर्षं घालवणं शहाणपणाचं नाही. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "साहेब बरोबर बोलतायत. 'परिणाम अज्ञात' हे काही शास्त्र नव्हे. परिणाम काढला पाहिजे. मुदतीला किती दिवस आहेत?"

"नऊ."

"पुरतील. चल, अंडी आण."

त्या दिवशी मी पाच डझन अंडी फोडली. पांढरं सारखं दोन भांड्यांत घेतलं, एकावर क, दुसऱ्यावर ख. दोन्ही लक्ष्मीबाई नगरात. बाईंनी ती सासूबाईंपुढे ठेवली.

"आई, यातल्या कुठल्याही एकात गंगाजल घाला. तीनच थेंब. दुसऱ्यात नळाच्या पाण्याचे तीन. मी खोलीबाहेर जाते. कशात काय घातलं ते मला सांगायचं नाही."

"का? आता काय लपवाछपवी?"

"मला कळलं तर माझे डोळे पक्षपात करतील. पाच दिवसांनी सांगा."

"पाच दिवस?" सासूबाईंनी विचारलं. त्यांना गंगाजलाचं काही वाटलं नव्हतं, पाच दिवसांचं वाटलं. "तुझ्या नवऱ्याला सांगितलेलं चालेल?"

"कुणालाच नाही."

ते पाच दिवस लक्ष्मीबाई नगरच्या त्या घरात कसे गेले ते मी रोज भांडी बघायला जायची म्हणून मला ठाऊक आहे. आजी दारातच गाठायच्या. "मी काही सांगत नाही हं. पण तू क कडे बघितलंस का? नाही, मी काही सुचवत नाही." वझेसाहेब वर्तमानपत्रामागे होते. एकदा आजींनी मला पोळीला तूप वाढता वाढता तोंड उघडलं आणि स्वतःच पदर तोंडावर धरला.

पाचव्या दिवशी दोन्ही भांड्यांत स्फटिक होते. बाईंनी दोन्हींनी जीवाणू फोडले. दोन्हींची तार सारखी आली, मशिनचा आकडाही सारखा. मग त्या हात पुसत आजींसमोर बसल्या. "आता सांगा."

"ख मध्ये!" आजी म्हणाल्या, आणि पाच दिवसांचा श्वास सोडला. "काय निघालं?"

"काही फरक नाही, आई."

आजींना वाईट वाटेल असं मला वाटलं. आजी उलट खूष झाल्या. "मी काय सांगत होते? गंगाजलानं काही बिघडत नाही!"

बाईंनी हे ऐकलं, क्षणभर विचार केला, आणि म्हणाल्या, "हो, निष्कर्ष तसाही लिहिता येईल."

पान अठ्ठ्याऐंशी पुन्हा टाईप झालं. तळटीप तीन ओळींची होती ती दहा ओळींची झाली. मुदतीच्या शेवटच्या दिवशी, विद्यापीठाची खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं असताना, आम्ही प्रबंधाच्या प्रती आत ढकलल्या. रिक्षात बसल्यावर बाईंनी डोळे मिटले. मला वाटलं आता रडतील. त्या म्हणाल्या, "सुनंदा, पाच डझनांचं पिवळं नेलंस ना गं?"

तोंडी परीक्षा डिसेंबरात झाली. परीक्षक दक्षिणेकडचे, कृश, मफलर गुंडाळलेले वृद्ध प्राध्यापक. सगळं इंग्रजीत चाललं. त्यांनी बाकी प्रबंधावर जुजबी विचारलं आणि पान अठ्ठ्याऐंशी उघडलं. चावलासाहेबांनी छताकडे पाहिलं.

"कशात काय घातलं हे तुमच्या सासूबाईंना माहीत होतं?"

"हो सर."

"आणि तुम्हाला नव्हतं."

"नाही सर. पाचव्या दिवशी कळलं."

"त्या एकाच घरात राहतात? तुमच्याबरोबर?"

"हो सर."

"आणि पाच दिवस त्या तुम्हाला काही बोलल्या नाहीत?"

"नाही सर. सुनंदा साक्षीदार आहे."

प्राध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यांनी चष्मा काढला, मफलरला पुसला, आणि प्रबंध मिटला. "चाळीस वर्षांत इतका कडक नियंत्रित प्रयोग मी पाहिलेला नाही," ते म्हणाले. "मला आणखी काही विचारायचं नाही."

त्या आठवड्यात आजींनी सरोजिनी नगरच्या रंगाऱ्याकडून पाटी करून आणली. निळ्यावर पांढरी अक्षरं: डॉ. सौ. प्रमिला वझे. बाईंनी ती लावू दिली नाही. परीक्षकाने पास केलं म्हणजे पदवी नव्हे, विद्यापीठाची अधिसूचना निघायला हवी. पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून पलंगाखाली गेली. जानेवारी गेला, होळी झाली, अधिसूचना नाही. आजी रोज पोस्टमनला गाठत.

एप्रिलमध्ये आजी न्हाणीघरात घसरल्या. कमरेचं हाड मोडलं. इस्पितळातून घरी आणल्या तेव्हा त्या चादरीखाली दिसतच नव्हत्या, इतक्या आटल्या होत्या. मी भेटायला गेले. खाट पुढच्या खोलीत, दाराकडे तोंड करून लावलेली.

"सुनंदा," आजी म्हणाल्या, आवाज मात्र तसाच, "हिला विचार, ती पाटी मी असताना लागायची आहे की नंतर. नंतर असेल तर मला आत्ताच सांगा, मी वाट बघायचं बंद करते."

बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्या आत जाऊन पलंगाखालची पाटी घेऊन आल्या, वर्तमानपत्राची घडी करून ठेवली आणि मला म्हणाल्या, "स्टूल धर."

बाहेरच्या भिंतीवर वझेसाहेबांच्या नावाखाली त्यांनी खिळा ठोकला. आजी आतून सांगत होत्या, "वर. अजून वर. डावीकडे खाली गेलीय." पाटी लागली. बाईंनी स्टुलावरूनच अंबाड्यातली पेन्सिल काढली, लग्नपत्रिकेच्या तुकड्यावर काही लिहिलं आणि तो पाटीच्या खालच्या कोपऱ्यात, अक्षरांना धक्का न लावता, चिकटवला. "विद्यापीठाची अधिसूचना यायची आहे." खाली तारीख आणि सही.

"तो कागद कसला गं?" आजी म्हणाल्या.

"जे खरं आहे ते लिहिलंय."

"नाव झाकलं नाहीस ना?"

"नाही."

"मग असू दे."

आजी त्यानंतर चार वर्षं जगल्या, आणि अधिसूचना तिसऱ्याच आठवड्यात आली. पण बाईंची आठवण निघाली की मला दिसतं ते त्या दुपारचं. वरच्या मजल्यावरचे सरदारजी भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होते. ते पाटीपाशी थांबले, वाचली आणि स्टुलावरच्या बाईंना म्हणाले, "वाह जी! कौन डॉक्टर आया है आपके घर?"

बाई हातोडी छातीशी धरून उभ्या होत्या. त्यांनी एकदा पाटीकडे पाहिलं.

"मैं," त्या म्हणाल्या. आणि मग, राहवेना म्हणून, हातोडीने तो चिठोरा दाखवत, "नोटिफिकेशन आना बाकी है."